रोबोचा सांगाडा आणि त्याची शिदोरी

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांत निम्मे प्रश्न सांगाड्याचे होते आणि निम्मे बॅटरीचे. हे दोन विषय वेगळे वाटतात, पण तसे ते नाहीत. सांगाडा जड झाला की मोटर जास्त अँपिअर मागते, त्यासाठी बॅटरी मोठी घ्यावी लागते, आणि मोठ्या बॅटरीने सांगाडा आणखी जड होतो. म्हणून उत्तरांत जिथे-तिथे ग्रॅम आणि अँपिअर सोबतच येतील.

मी आठवीत आहे. दोन पिवळ्या बीओ मोटरी (प्लास्टिकच्या गिअरबॉक्सच्या छोट्या मोटरी), एल२९८एन ड्रायव्हर (मोटरींना वीज सोडणारा बोर्ड) आणि आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड) वापरून रेषेवरून चालणारा रोबो केला. ९ व्होल्टची नवी बॅटरी लावली की दोन मिनिटं चालतो, मग जागच्या जागी थरथरतो आणि आर्डुइनोचा दिवा बंद-चालू होत राहतो. मीटरवर बॅटरी ८.७ व्होल्ट दाखवते. नेमकं काय बिघडलंय? (विद्यार्थिनी, कराड)

बिघडलेलं काहीच नाही. बॅटरी चुकीची निवडली गेली आहे. ८.७ हा आकडा रोबो बंद असतानाचा आहे. मीटरच्या दोन्ही काड्या बॅटरीला लावून ठेव आणि मग रोबो चालू कर. मोटरी हलल्या की तोच आकडा ६ च्या आसपास, कधी त्याहून खाली आलेला दिसेल.

९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीत दीड-दीड व्होल्टचे सहा अगदी बारके सेल एकापुढे एक जोडलेले असतात. ती मल्टिमीटर किंवा धुराचा अलार्म अशा वस्तूंसाठी आहे, आणि त्यांना मोजके मिलिअँपिअर पुरतात. बीओ मोटर मोकळी फिरताना शंभर-दीडशे मिलिअँपिअर घेते, रोबोचं वजन ओढताना दोनशे-अडीचशे, आणि जागेवरून सुटताना किंवा चाक अडकल्यावर पाऊण ते एक अँपिअर. तुझ्या रोबोत अशा दोन मोटरी आहेत. शिवाय एल२९८एन हा जुन्या घडणीचा ड्रायव्हर. एक अँपिअर वाहत असेल तर दोन-अडीच व्होल्ट त्याच्या आतच उष्णतेत जातात. बॅटरी ६ व्होल्टवर आली की मोटरीच्या वाट्याला चारसुद्धा उरत नाहीत. आर्डुइनोच्या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरला आत यायला ७ व्होल्ट लागतात, तेही मिळत नाहीत. मग उनो रीसेट होतो आणि मोटर थांबते. भार गेल्यावर बॅटरी जरा सावरते, प्रोग्रॅम पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू होतो आणि पुन्हा तेच घडतं. तुला दिसणारी थरथर ती हीच.

उपाय असा कर. एए आकाराचे रिचार्जेबल निकेल-मेटल-हायड्राइड सेल, २००० मिलिअँपिअर-तासांचे, सहा घरांच्या होल्डरमध्ये बसव. ते ७.२ व्होल्ट देतात आणि दोन-तीन अँपिअर मागितले तरी दमत नाहीत. चार सेलांवर भागवू नकोस. ४.८ व्होल्टमधून एल२९८एनचा वाटा गेला की मोटरीला तीनच्या आतच मिळतात. ड्रायव्हर बदलता आला तर टीबी६६१२ घे. त्याच्या आत मॉसफेट (कमी रोधाचे इलेक्ट्रॉनिक स्विच) असतात, त्यामुळे व्होल्टेजचं नुकसान फार थोडं होतं. एका मोटरीला सलग १.२ अँपिअर देण्याची त्याची क्षमता आहे, बीओ मोटरीला तेवढं पुरतं.

जोडणीत तीन गोष्टी पाहा. ड्रायव्हरच्या वीज येण्याच्या टोकांवर १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर लाव. त्याची पट्टी असलेली बाजू ऋणाकडे यायला हवी. प्रत्येक मोटरीच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर (त्यावर १०४ छापलेलं असतं) थेट डाखून टाक, म्हणजे ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट सेन्सरपर्यंत जात नाही. आणि बॅटरीची वायर जंपर वायरची नको. सुईएवढ्या त्या वायरी सिग्नलसाठी असतात. दोन अँपिअर वाहायला लागले की वायरीत आणि ढिल्या पिनांत मिळून पाव व्होल्ट सहज जातो, आणि कधी वायरच गरम होते. तिथे ०.७५ चौरस मि.मी.ची लवचीक वायर घे.

मोटर खरी किती अँपिअर घेते हे एकदा मोजून वहीत लिहून ठेव. मीटरची लाल काडी १० अँपिअरच्या भोकात घाल, मीटर मोटरीच्या वाटेत एका ओळीत जोड, चार नव्या अल्कलाइन सेलांवर मोटर फिरव. आकडा वाच. मग चाक बोटांनी एक सेकंद घट्ट धरून पुन्हा वाच. दुसरा आकडा ड्रायव्हर निवडण्यासाठी, पहिला बॅटरी किती वेळ पुरेल यासाठी. काम झाल्यावर लाल काडी लगेच व्होल्टच्या भोकात परत घाल. ती १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तू बॅटरीचे व्होल्ट मोजायला गेलीस, तर मीटरमधूनच शॉर्ट होईल.

चेसिससाठी ३ मि.मी. अ‍ॅक्रिलिक वापरतो. भोक पाडताना किंवा नट आवळताना हमखास चीर जाते. दुसरं काय वापरावं? (पॉलिटेक्निकचा विद्यार्थी, अहिल्यानगर)

आधी वजनं पाहा. २० × १५ सें.मी.चा तुकडा धरला, तर ३ मि.मी. अ‍ॅक्रिलिक साधारण १०५ ग्रॅम भरतं, ३ मि.मी. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) ६५ ते ७० ग्रॅम, ५ मि.मी.चा पीव्हीसी फोमचा सनबोर्ड ८० ग्रॅमच्या आसपास, आणि २ मि.मी. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा १६० ग्रॅम. जाहिरातीच्या पाट्यांसाठी वापरतात ती पोकळ नळ्यांची कोरुगेटेड प्लास्टिक शीट ४ मि.मी. जाडीत जेमतेम २५ ग्रॅम.

पहिला रोबो असेल तर आमचं मत सनबोर्डच्या बाजूने आहे. साध्या कटरने, पोलादी पट्टी धरून, एकाच ठिकाणी चार-पाच हलके हात मारले की तो सरळ कापला जातो. एकाच दमात कापायला गेलं की कड तिरकी जाते. त्याची खोड अशी की नट आवळला की फोम दबतो आणि चार दिवसांत बोल्ट सैल होतो. बोल्टच्या डोक्याखाली आणि नटाखाली मोठा वायसर द्या, नाहीतर जुन्या प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणाची चकती कापून घाला. सनबोर्डचा रोबो उन्हात बंद गाडीत ठेवू नका, तो वाकतो आणि मग चारही चाकं जमिनीला टेकत नाहीत.

कोरुगेटेड शीट नळ्यांच्या दिशेने ताठ असते आणि आडव्या दिशेने दुमडते. म्हणून दोन तुकडे नळ्या काटकोनात येतील असे एकावर एक ठेवा. ते चिकटवायला जाऊ नका. ही शीट पॉलिप्रॉपिलीनची असते आणि त्यावर फेविक्विक धरत नाही. तापवलेल्या खिळ्याने भोकं पाडून केबल टायने बांधा. एमडीएफ लेझर कटिंगला उत्तम, पण कोकणातल्या किंवा घाटावरच्या पावसाळ्यात कडा फुगतात. कापल्यावर कडांना दोन हात वार्निश लावलंत तरच टिकेल.

अ‍ॅक्रिलिकच वापरायचं असेल तर चीर टाळता येते. एम-३ (३ मि.मी. जाडीच्या) बोल्टला ३ नव्हे, ३.३ ते ३.५ मि.मी.चं भोक पाडा. भोक कडेपासून किमान ८ मि.मी. आत हवं. तुकड्याखाली टाकाऊ फळी घट्ट धरून ड्रिल सावकाश चालवा, आणि बिट पलीकडे निघण्याच्या क्षणी दाब जवळपास काढून घ्या, कारण चीर तिथेच पडते. नटाखाली नायलॉनचा किंवा रबरी वायसर घाला. कागदी आवरण शेवटपर्यंत काढू नका.

थोडा मोठा रोबो, म्हणजे दोन किलोच्या पुढचा, असेल तर सरकत्या खिडक्या बसवणाऱ्या कारागिराकडे उरलेले अ‍ॅल्युमिनियम सेक्शनचे तुकडे मागा. वजनावर मिळतात, हॅकसॉने कापता येतात, आणि कानस फिरवली की हात कापत नाही. १९ × १९ मि.मी.चा १.५ मि.मी. जाड अँगल आणि पॉप रिव्हेट, एवढ्यावर बळकट चौकट उभी राहते. सांगाडा कशाचाही असो, बॅटरी चालत्या चाकांच्या आसाजवळ आणि शक्य तितकी खाली बसवा. ती मागच्या कॅस्टरवर (मोकळ्या फिरणाऱ्या छोट्या चाकावर) आली तर चालती चाकं हलकी पडतात आणि फरशीवर नुसती घसरतात.

हॉट ग्लूने चिकटवलेली मोटर सारखी निघते. (नववीतला विद्यार्थी, मालवण)

निघणारच. अ‍ॅक्रिलिकसारख्या गुळगुळीत पृष्ठावर तो नीट धरत नाही, आणि मोटर गरम झाली की मऊ पडतो. बीओ मोटरीच्या गिअरबॉक्सला आरपार दोन भोकं असतात. त्यातून एम-३ चे ३० मि.मी. लांबीचे बोल्ट घालून टी आकाराच्या ब्रॅकेटला आवळ. फार आवळलंस तर प्लास्टिकचा गिअरबॉक्स दबून मोटर जड फिरते, म्हणून नट बोटांनी बसव आणि पान्याने फक्त अर्धा फेरा दे. हॉट ग्लू वायरी जागेवर ठेवायला वापर.

जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले १८६५० सेल (लांबट गोल लिथियम सेल) रोबोला वापरता येतात असं ऐकलं. मुलगा बारावीत आहे, त्याला हे करू द्यावं का? कसं करायचं? (पालक, ठाणे)

वापरता येतात. पण मोठं माणूस शेजारी असेल तरच करू द्या, आणि पुढची एकही पायरी गाळू नका. दहावीच्या आतल्या मुलांनी मात्र होल्डरमधले निकेल सेलच वापरावेत, असं आम्ही ठामपणे सांगू.

पॅकच्या सांध्यात लाकडी पाचर किंवा जाड प्लास्टिकची पट्टी घालून तो उघडायचा. स्क्रू-ड्रायव्हर आत खुपसला आणि तो सेलला लागला, तर आग लागू शकते. आतल्या बोर्डाकडे जाणाऱ्या वायरी एकेक करून कापायच्या आणि कापलेलं प्रत्येक टोक लगेच टेपने झाकायचं. कात्रीत दोन वायरी एकदम आल्या तर तिथेच शॉर्ट. सेल जोडणाऱ्या निकेलच्या पट्ट्या पकडीने हळूच सोलून काढा. धनाच्या टोकाभोवतीची कागदी चकती फाटली असेल तर नवी बसवा, कारण तिथे धन आणि ऋण यांच्यात एक-दोन मि.मी.चंच अंतर असतं.

आता चाळणी लावायची. प्रत्येक सेलचे व्होल्ट मोजा. २.५ च्या वर असलेले पुढे न्या, २ च्या खालचे बाद. फार खाली गेलेल्या सेलमध्ये आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळतं, आणि चार्ज करताना ते भलत्याच जागी जमून आतल्या आत शॉर्ट करतं. असा सेल चार्ज होतोही, आणि म्हणूनच तो धोक्याचा. दोन आणि अडीचच्या मधलेही आम्ही ठेवणार नाही.

उरलेले सेल टीपी४०५६ च्या छोट्या बोर्डावर एकेक करून चार्ज करा. तो ४.२ व्होल्टला स्वतः थांबतो. विकत मिळणाऱ्या बोर्डावर करंट ठरवणारा रोध १.२ किलोओहमचा असतो (त्यावर १२२ लिहिलेलं दिसतं) आणि त्यामुळे १ अँपिअर जातो. जुन्या सेलांना तो जास्त आहे. तो काढून २ किलोओहमचा बसवलात तर ५८० मिलिअँपिअरवर काम होतं. चार्जिंग लादीवर, मातीच्या कुंडीत, पडदा-गादीपासून लांब. दर पंधरा मिनिटांनी सेलला हात लावून पाहा. कोमट ठीक, त्याहून गरम झाला तर काढून बाद करा.

पूर्ण भरलेले सेल आठवडाभर तसेच ठेवा आणि पुन्हा मोजा. ४.१ च्या खाली उतरलेला सेल आतून गळतो आहे. जे टिकले त्यांची क्षमता मोजायची. १० ओहम, ५ वॉटचा रोध सेलला जोडा, घड्याळ लावा, आणि ३ व्होल्टवर आला की सोडवा. सरासरी ०.३७ अँपिअर वाहतो, म्हणून चार तास चालला तर क्षमता दीड अँपिअर-तासाच्या जवळ. शेवटच्या अर्ध्या तासात व्होल्टेज झपाट्याने पडतं, तेव्हा जागेवरून उठायचं नाही. रोध हाताला चटका देईल इतका तापतो, तो लाकडापासून दूर ठेवा. मूळ क्षमतेच्या निम्म्याखाली आलेले सेल काढून टाका.

रोबोत दोन सेल एकापुढे एक जोडले की ७.४ व्होल्ट मिळतात. इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, कमी-जास्त क्षमतेचे सेल जोडणं. दुबळा आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला उलट्या दिशेने ढकलतो. दोघांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. दुसरी, जोडलेल्या जोडीला एकाच टीपी४०५६ वर लावणं. तो एका सेलसाठी आहे. एक तर सेल होल्डरमधून काढून वेगवेगळे चार्ज करा, नाहीतर दोन सेलांचा बीएमएस बोर्ड आणि ८.४ व्होल्टचा लिथियम चार्जर घ्या. बीएमएस हा राखणदार आहे, चार्जर नव्हे. साधा १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर त्याला लावू नका. सेलवर थेट डाखू नका, होल्डर वापरा, आणि बॅटरीच्या धन वायरीवर ५ अँपिअरचा फ्यूज असू द्या.

बाद सेल कचऱ्यात टाकू नका. टोकांना टेप लावून ई-कचरा संकलन केंद्रात द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आणि फुगलेला चपटा सेल, मोबाइलचा असो की टॅबचा, टोचून हवा काढायचा प्रयत्न कधीच करू नका.

पॉवर बँकेवर रोबो चालवतो. तो थांबून वाट पाहत असला की अर्ध्या मिनिटात पॉवर बँक आपोआप बंद होते. (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नागपूर)

फोन भरला असं समजून ती बंद होते. बहुतेक पॉवर बँका पन्नास ते शंभर मिलिअँपिअरच्या खाली गेलं की वीज तोडतात. ५ व्होल्टच्या दोन टोकांवर ४७ ओहम, १ वॉटचा रोध कायमचा जोडा. तो शंभरावर मिलिअँपिअर घेत राहतो आणि बँक जागी राहते. तरीही बंद झाली तर ३३ ओहम लावा. मोटर सुटताना बंद होत असेल तर गोष्ट उलटी आहे: तिथे जास्तीची मर्यादा ओलांडली जाते. दोन्ही मोटरी एकाच क्षणी पूर्ण वेगाने सुरू न करता पीडब्ल्यूएम (मोटरीचा वेग ठरवणारा सिग्नल) पाव सेकंदात हळूहळू चढवा.

हिशोबात एक ध्यानात घ्या. पॉवर बँकेवरचे १०,००० मिलिअँपिअर-तास हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलांचे आहेत. ५ व्होल्टला ते ७,४०० होतात आणि रूपांतरातला तोटा धरला तर हाती साडेसहा हजारांच्या आत येतात.

शेतात सरीतून चालणारी छोटी गाडी करायची आहे. भंगारातून कारच्या दोन वायपर मोटरी आणि यूपीएसची १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी मिळाली. पुढे-मागे करताच फ्यूज उडतो. (आयटीआय प्रशिक्षणार्थी, सांगली जिल्हा)

फ्यूज उडतो कारण बऱ्याच वायपर मोटरींचं ऋण टोक मोटरीच्या लोखंडी अंगालाच जोडलेलं असतं. गाडीत मोटर एकाच दिशेने फिरते, म्हणून तिथे चालतं. तुम्ही एच-ब्रिजने (मोटरीचे धन-ऋण अदलाबदल करणाऱ्या ड्रायव्हरने) दिशा उलटवली की तेच अंग १२ व्होल्टवर जातं. दोन्ही मोटरी एकाच लोखंडी सांगाड्याला आवळलेल्या, त्यामुळे एक धन आणि एक ऋण सांगाड्यातून भेटतात. मीटर कंटिन्युइटीवर ठेवून मोटरीची वायर आणि अंग तपासा, बीप वाजला तर हेच कारण.

दोन वाटा आहेत. मोटरी १२ मि.मी.च्या प्लायवर बसवा, बोल्टना नायलॉनच्या बुश आणि वायसर द्या, आणि चाकाचा आस सांगाड्याला टेकत नाही ना ते पाहा. किंवा भंगारवाल्याकडून पॉवर विंडोच्या मोटरी घ्या. काच वर-खाली करायची असल्याने त्या दोन्ही दिशांनी फिरणाऱ्याच असतात आणि त्यांच्या दोन्ही वायरी अंगापासून अलग असतात. आमची पसंती दुसऱ्या वाटेला, कारण शेतातल्या चिखलात नायलॉनचे वायसर फार दिवस भरवशाचे राहत नाहीत.

ड्रायव्हर बीटीएस७९६० चा घ्या. त्यावरच्या ४३ अँपिअरच्या आकड्यावर जाऊ नका. उन्हात, पंख्याविना, सलग दहा-पंधरा धरा. प्रत्येक मोटरीला बॅटरीजवळ १० अँपिअरचा गाडीचा ब्लेड फ्यूज आणि २.५ चौरस मि.मी.ची वायर. वायपर मोटरीच्या हळू वेगाला मिनिटाला ४५ फेरे धरले, तर २० सें.मी. व्यासाच्या चाकावर गाडी मिनिटाला २८ मीटर जाईल. सरीसाठी हा वेग योग्य आहे. चाक मोठं करून वेग वाढवलात तर ढेकळात मोटर अडेल. सांगाड्याला रॅकचे भोकांचे अँगल वापरा, म्हणजे सरीच्या रुंदीप्रमाणे चाकांमधलं अंतर बदलता येईल.

आता बॅटरी. यूपीएसमधून काढलेली बॅटरी बहुधा थकलेलीच असते आणि मीटरवर १२.६ दाखवून फसवते. पूर्ण चार्ज करा, रात्रभर ठेवा, मग कारच्या हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब तिला जोडा. तो साडेचार अँपिअर घेतो. दहा मिनिटांनी बल्ब पेटलेला असतानाच व्होल्ट मोजा. ११.५ च्या वर असेल तर वापरा. बल्ब पिवळा पडत ११ च्या खाली उतरला तर ती बॅटरी भंगारातच जाऊ द्या.

बॅटरी नवी असली तरी ७ अँपिअर-तास हा आकडा वीस तास सावकाश, म्हणजे ०.३५ अँपिअरने काढण्याचा आहे. दोन मोटरी मिळून ८ अँपिअर घेत असतील तर हाती चारच्या आसपास येतात, म्हणजे अर्धा तास. वीस मिनिटांत परत आणायची असं नियोजन ठेवा. परत आल्यावर त्याच दिवशी १४.४ व्होल्टच्या मर्यादेने, एक-दीड अँपिअरवर चार्ज करा. शिशाची बॅटरी रिकामी ठेवली तर प्लेटांवर सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत क्षमता कायमची घटते.

विज्ञान प्रदर्शनात मुलांना लिंबाच्या बॅटरीवर रोबो चालवायचा आहे. किती लिंबं लागतील? (शिक्षक, लातूर)

सर, लिंबांवर तो चालणार नाही, हे मुलांना गणितातूनच दाखवता येईल. जस्ताचा मुलामा असलेला खिळा आणि तांब्याची तार खोवलेलं एक लिंबू मोकळं असताना पाऊण ते एक व्होल्ट दाखवतं. पण भार जोडला की अर्धा-एक मिलिअँपिअर मिळतो आणि व्होल्टेजही निम्म्यावर येतं. बीओ मोटरीला ३ व्होल्ट आणि शंभर मिलिअँपिअर हवेत. एका ओळीत सहा लिंबं, आणि अशा शे-दोनशे ओळी. आम्ल, रस किंवा लिंबाचा आकार यांपेक्षा आतला रोध आडवा येतो.

त्याऐवजी अ‍ॅल्युमिनियम आणि हवेचा सेल करा. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा १५ × १५ सें.मी.चा तुकडा पसरा. पेल्याभर पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घाला, त्यात किचन टिश्यू भिजवा, हलकेच पिळा आणि फॉइलवर ठेवा. त्यावर दोन मोठे चमचे ॲक्टिव्हेटेड चारकोलची पूड. मत्स्यालयाच्या दुकानात फिल्टरसाठी हा कोळसा मिळतो, तो कापडात बांधून बत्त्याने कुटा. शेगडीचा कोळसा चालत नाही, त्यात हवा धरणारी सूक्ष्म छिद्रं फार कमी असतात. पुडीवर मिठाचं थोडं पाणी शिंपडा आणि त्यात स्टीलचा चमचा दाबून ठेवा. चमचा धन, फॉइल ऋण. एक सेल पाऊण व्होल्टच्या आसपास देतो आणि तळव्याने दाबलं की करंट लगेच वाढलेला मीटरवर दिसतो.

असे तीन-चार सेल एकापुढे एक जोडले की जुन्या सीडी प्लेअरची छोटी मोटर फिरते. तिच्या आसाला कागदी पंखा लावा, किंवा थर्माकोलच्या पेल्याखाली जाहिरातीच्या पाटीचा हलका तुकडा लावून कंपनावर सरकणारा किडा करा. मोटरीच्या आसावर एका बाजूला खोडरबराचा तुकडा खोचला की कंपन मिळतं. चाललं नाही तर आधी टिश्यू पाहा. ओला कागद फाटून कोळसा फॉइलला टेकला असेल तर तो सेल शून्य दाखवतो. कोळसा इतका भिजवू नका की त्यावर पाणी तरंगेल, कारण हवा आत शिरली नाही तर सेल मंदावतो. फॉइलला तासाभरात बारीक भोकं पडू लागतात, म्हणून प्रदर्शनाच्या दिवशी फॉइलचे आणि टिश्यूचे तुकडे आधीच कापून डब्यात ठेवा.

जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस (आतली वीज पुरवणारी पेटी) टेबलावर रोबो तपासायला वापरता येईल का? (वाचक, बेळगाव)

येईल, आणि बॅटरी वाचते. मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर कुठल्याही काळ्या वायरीला जोडली की तो सुरू होतो. पिवळी १२ व्होल्ट, लाल ५, केशरी ३.३. काही जुने एसएमपीएस भाराशिवाय स्थिर राहत नाहीत. अशा वेळी लाल आणि काळ्यात १० ओहम, १० वॉटचा रोध घाला. मोटर एकदम उलटी फिरवली की ती क्षणभर जनरेटरसारखी वागून वीज मागे ढकलते आणि एसएमपीएस स्वतःला बंद करतो. प्रोग्रॅममध्ये दिशा बदलण्याआधी मोटर २०० मिलिसेकंद थांबवा आणि ड्रायव्हरजवळ २२०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर लावा. रोबो विटेवर ठेवा, चाकं अधांतरी राहू द्या.

पेटीचं झाकण मात्र उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर तीनशे व्होल्टच्या वर साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहतात. शिवाय हा एसएमपीएस शॉर्ट झाल्यावर वीस-वीस अँपिअर सोडू शकतो. म्हणून पिवळ्या आणि लाल वायरीवर ३ ते ५ अँपिअरचा फ्यूज घालूनच ती रोबोपर्यंत आणा.